खालचं गाव

गावात कुणी आजारी नाही, ही बातमी डॉक्टरला गोड वाटायला हवी. निदान चारचौघांत तरी तसं दाखवायला हवं. पण कुरणवाडीच्या शाळेत तपासणीचं टेबल मांडून बसलेल्या डॉ. रेवती खोतला त्याच बातमीचा घोर लागला होता.

मरीआईची यात्रा होऊन आठवडा उलटला होता. यात्रेला पाहुणे लोटले होते आणि त्यांतलंच कुणीतरी पोटातून कॉलरा घेऊन आलं होतं, हे पाण्याच्या नमुन्यांवरून उघड झालं होतं. हा कॉलरा जुना नव्हता. गेल्या काही वर्षांत तो किनाऱ्याकडून घाट चढून वर आला होता. एकाही गोळीला तो दाद देत नव्हता आणि जुनी लस त्याला पुरी पडत नव्हती. ज्या गावात शिरला त्या गावानं अंथरूण धरलं. कुरणवाडीत मात्र एका पोराचंसुद्धा पोट बिघडलं नव्हतं.

"आईनं राखलं," सरपंच हात जोडून म्हणाले.

"आईनं का डॉक्टरीणबाईच्या दह्यानं?" शाळेचे मास्तर हसत म्हणाले. "बघा हां, आईला राग यायचा."

सगळे हसले. रेवतीही हसली, पण तिची नजर यंत्राच्या पडद्यावर होती. निव्वळ रिवाज म्हणून तिनं धडधाकट माणसांच्या शौचाचे नमुने घेतले होते. पडद्यावर एकेक निकाल उमटत होता. सरपंच, मास्तर, मास्तरांची बायको, शाळेतली पोरं. प्रत्येकाच्या पोटात कॉलऱ्याचे जंतू होते, जिवंत, लाखोंनी. आणि ती सगळी माणसं तिच्यासमोर उभी राहून चहा पीत होती.

कुरणवाडीच्या खाली, त्याच ओढ्यावर लोणसर आहे. तिथं कालपासून माणसं पडायला लागली होती.

कॉलऱ्याचा जंतू आपल्याला वाटतो तेवढा आडदांड नाही. तो भलता हिशेबी आहे. पोटात शिरला की तो आतड्याला चिकटतो, विष ओततो आणि वाढत जातो. वाढताना प्रत्येक जंतू एक रेणू बाहेर टाकत असतो. तोच त्यांचा एकमेकांना निरोप. भोवती हे रेणू थोडे असले तर त्याचा अर्थ असा, की आपण अजून थोडे आहोत, तेव्हा चिकटून राहा आणि विष सोडा. रेणू दाटले की अर्थ बदलतो. गर्दी झाली, आता विष पुरे, सुटा आणि बाहेर पडून दुसरं पोट गाठा.

रेवतीनं आणि तिच्या सोबत्यांनी एवढंच केलं होतं, की दह्यातल्या बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूला हा रेणू तयार करायला शिकवलं होतं. ते दही रोज खाणाऱ्याच्या पोटात कॉलऱ्याचा जंतू शिरला, की त्याला वाटायचं पंगत आधीच भरलीय. तो आतड्याला चिकटत नसे, विष सोडत नसे. यात औषध नव्हतं, मारामारी नव्हती. प्रयोगशाळेतली पोरं त्याला 'हाऊसफुल्ल दही' म्हणायची.

चाचणीसाठी कुरणवाडी निवडली ती आक्कामुळे. आक्का म्हणजे रेवतीची थोरली बहीण सुगंधा. आई गेल्यावर तिनंच रेवतीला वाढवलं, आणि लग्न होऊन कुरणवाडीला आली तेव्हा पाठराखीण म्हणून आलेली ही धाकटी बहीण तिनं परत पाठवलीच नाही. आक्काचं पहिलं पोर हगवणीनं गेलं, ते तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, जीपमध्ये, शाळकरी रेवतीच्या मांडीवर. पुढं रेवती जंतुशास्त्र का शिकली, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

निम्म्या घरांना साधं दही द्यायचं, निम्म्यांना हे, असा चाचणीचा नियम. पण बायकांच्या राज्यात असला नियम टिकतो होय? एका घरात दही घट्ट लागलं की दुसरी विरजणासाठी वाटी घेऊन दारात उभी. कवडी पडेल असं आक्काच्या वाट्याला आलेलं हे नवं दही सहा महिन्यांत गावभर झालं. रेवतीला ते कळलं होतं. वर कळवलं असतं तर चाचणी तिथंच मोडली असती, म्हणून तिनं डोळ्यांवर कातडं ओढलं. चांगलंच पसरतंय ना, मग पसरू दे, असं तिनं मनाशी म्हटलं होतं.

*

जिल्ह्याच्या गावी आपल्या संशोधन संस्थेत परतल्यावर तिनं लोणसरच्या रुग्णांचे आणि कुरणवाडीच्या निरोगी माणसांचे जंतू शेजारी शेजारी ठेवून त्यांची कुळं तपासली. यंत्रानं तासाभरात वंशवेल काढून दिली. बुंधा कुरणवाडीत, फांद्या लोणसरात. शंकेला जागाच नव्हती.

तिचे वरिष्ठ डॉ. सोहनी यांनी ती वेल बुंध्यापासून पुन्हा एकदा वाचली. माणूस वाईट नव्हता. पंधरा वर्षं या दह्यावर घालवलेला माणूस होता.

"उंदरांत असं दिसलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"दिसलं होतं, सर. लेंड्यांमध्ये जिवंत जंतू सापडत होते. आपण लिहिलंसुद्धा, की जंतू पोट सोडून जातात. आपल्याला ते यश वाटलं." रेवती पुढं म्हणाली. "एकेक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात होता. एकाची घाण दुसऱ्याच्या पाण्यात जायचा प्रश्नच नव्हता. आपल्या प्रयोगशाळेत खालचं गाव नव्हतं, सर."

सोहनींनी चष्मा काढून डोळे चोळले. आपल्या मांडणीतली ही चूक कुठल्याही अडाणी माणसाच्या लक्षात आली असती, ती फक्त त्यांच्यासारख्या स्वच्छतेच्या भोक्त्यांनाच दिसली नव्हती. पिंजरे रोज धुतले जात. धुतलेलं पाणी कुठं जातं, ते कुणाच्या प्रयोगाचा भाग नव्हतं.

शिवाय आजारी माणूस निदान अंथरुणाला खिळतो, त्याची घाण लोक सांभाळून टाकतात. कुरणवाडीची माणसं शेतात जात होती, बाजारात जात होती. गावचे शोषखड्डे उन्हाळ्यातल्या आटलेल्या ओढ्यात झिरपत होते. आणि गर्दी झाली असं समजून सुटलेले जंतू एकटेदुकटे सुटत नव्हते. चिकट गोळे करून सुटत होते, ते लोणसरच्या टाकीतल्या क्लोरीनलाही पुरून उरत होते.

"मग लोणसरलाही दही देऊ," सोहनी म्हणाले. "मंजुरीचं मी बघतो."

"आणि लोणसरच्या खाली?"

"तिथंही देऊ."

"त्याच्या खाली कृष्णा आहे, सर."

बाकीच्या वाटाही तिनं मोजून पाहिल्या होत्या. टँकर लावले तरी ओढ्याचं पाणी गुरांना, भांड्यांना, अंघोळीला लागणारच. हिंडत्याफिरत्या अख्ख्या गावाची घाण महिनोन् महिने बंद टाक्यांत धरून ठेवणंही शक्य नव्हतं. दही बंद केलं तर कुरणवाडीतल्या प्रत्येक पोटातली ती खोटी पंगत उठेल आणि आत बसलेला जंतू जागा होईल. गाव एकदा आजारी पडेल, मग अंगातच प्रतिकार तयार होऊन जंतू धुऊन निघेल. वेळेवर सलाईन मिळालं तर माणसं वाचतात. पण सगळीच नाही. शंभरात एखाद्या घरी रडारड होते.

"धडधाकट माणसाला तुम्ही काय सांगणार?" सोहनींनी विचारलं. "खालच्या गावासाठी आजारी पड म्हणून?"

रेवतीनं गाडीची किल्ली उचलली आणि ती लोणसरला निघाली.

*

लोणसरच्या शाळेत खाटा कमी पडल्या म्हणून सतरंज्यांवर माणसं निजवली होती. त्यांतल्या एका सतरंजीजवळ आक्का बसली होती. समोर तिची नणंद हौसा. कुरणवाडीनं आपल्या लेकी पिढ्यान् पिढ्या लोणसरात दिल्या, तशी हौसाही दिलेली. आक्का लग्न होऊन आली तेव्हा हौसाचं लग्न व्हायचं होतं. एका ताटात जेवलेल्या, एका विहिरीवर भांडलेल्या त्या दोघी. नणंद-भावजयीचं एवढं पटतं हे बघून म्हाताऱ्यांनाच करमत नसे.

रेवती पोचली तेव्हा हौसाचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. दोन्ही हातांना सलाईन लावलेलं होतं, पण रात्रभर घरीच अंगातलं पाणी गेलं होतं आणि उशीर झाला होता. दुपारी उन्हं कलायच्या आत ती गेली.

आक्का रडली नाही. हौसाच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू तिनं नीट केलं आणि बाहेर येऊन चिंचेखाली बसली. रेवती तिच्याशेजारी बसली.

"जत्रंदिवशी वन्संनी माज्याकडं इरजण मागितलं हुतं," आक्का म्हणाली. "वाटी घिऊन उभ्या हुत्या चुलीपाशी. दिवं लागलं हुतं. दिवं लागल्यावर इरजण द्यायचं नसतंय, म्हणून मी म्हणलं, सकाळी न्या. सकाळी लवकर गाडी हुती त्यांची. तशाच गेल्या." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी दिलं असतं तर जगल्या असत्या का गं, रेवा?"

त्या क्षणी रेवतीला गप्प राहता आलं असतं. दिलं नाही याचं दुःख आक्कानं जन्मभर उरात धरलं असतं, पण ते दुःख कुणालाही सोसेल असं होतं. खरी गोष्ट त्याहून वाईट होती. आणि ती ऐकल्यावर ही बाई आपल्याला पुन्हा 'रेवा' म्हणेल की नाही, याची रेवतीला खात्री नव्हती. आईविना वाढलेल्या पोरीला जगात एकच घर होतं, ते हे.

"आक्का," ती म्हणाली, "तू दिलं नाहीस म्हणून त्या गेल्या नाहीत. आपण खातो म्हणून गेल्या."

मग तिनं सगळं सांगितलं. काहीही मऊ न करता सांगितलं, कारण मऊ करायला गेली असती तर पुरं सांगून झालंच नसतं. उंदरांचं सांगितलं, ओढ्याचं सांगितलं, दही गावभर झाल्याचं कळूनही आपण गप्प बसल्याचं सांगितलं.

आक्का ऐकत राहिली. मग तिनं आपल्याच पोटावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"म्हंजी माज्या पोटातनं गेलं ते," ती म्हणाली. "वन्संच्या पोटात."

"तुझ्याच असं नाही. गावातल्या कुणाच्याही..."

"गप. मला शाळा शिकवू नगंस." ती उठली. "तू लई शिकलीस. आमास्नी अभिमान हुता. पर ह्ये आत काय घालतीयास, कुठनं बाहीर पडंल, येवढा तरी इचार करायचा हुतास."

ती चालत कुरणवाडीला गेली. रेवतीच्या गाडीत बसली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मरीआईच्या देवळापुढं गावसभा भरली. रेवतीनं पडद्यावर वंशवेल दाखवली, ओढा दाखवला, समजेल अशा भाषेत सांगितलं. बोलून झाल्यावर एकदम सगळे बोलायला लागले.

"आमी नांगर धरतोय, पंचवीस लिटरचा कॅन उचलतोय, आनि आमास्नी रोगी ठरीवता?" एकजण म्हणाला.

"लोणसरवाल्यांनी पानी उकळून प्यावं की."

मास्तर मात्र शांतपणे उभे राहिले. "बाई, दही चालू ठेवलं तर आम्ही लोणसरला मारणार. बंद केलं तर आम्ही आजारी पडणार, आणि तुम्हीच म्हणता, एखादा जाईलही. मग तो एखादा कुणाच्या घरचा? माझी नात दीड वर्षाची आहे. तुम्ही सांगा, मी काय करू?"

"लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना आपण आधी जिल्ह्याच्या इस्पितळात हलवू," रेवती म्हणाली. "प्रत्येकाजवळ माणूस बसलेलं असेल. पण मास्तर, शब्द देता येत नाही. खोटं कसं बोलू?"

"मग आम्ही बी हो कसं म्हणू?"

तो प्रश्न चुकीचा नव्हता. रेवतीला मास्तरांचा राग आला नाही. तिला फक्त फार एकटं वाटलं.

बायकांत बसलेली आक्का उठली. कालपासून ती रेवतीशी एक अक्षर बोलली नव्हती.

"ह्या गावात असं कुठलं घर हाय, ज्यानं लोणसरात लेक दिली न्हाई?" तिनं विचारलं. "पडद्यावरचं मला कळत न्हाई, तुमास्नीबी कळत न्हाई. तवा मी आजपासनं दही सोडती. हितंच शाळंत खाट टाका. दारंखिडक्या उघड्या ठिवा. माज्या पोटात काय हाय न्हाई, ते समद्यांनी डोळ्यांनी बगा. काय झालं न्हाई तर ह्या डॉक्टरणीला गावाबाहीर काढा."

"आक्का, नको," रेवती पुढं झाली. "तुला साखर आहे. तुझ्या मूत्रपिंडाला झेपणार नाही. माझ्या माणसावर मी असला प्रयोग करणार नाही."

"केलास की इतकं दिस," आक्का म्हणाली. "तवा तू इचारलं न्हाईस. आता मी सांगती."

*

आक्काची खाट वर्गात मांडली. शाळेमागं पक्क्या सिमेंटचं बंद टाकं चुना घालून तयार ठेवलं, की एक थेंब ओढ्याकडं जायला नको. सोहनी स्वतः सलाईनची खोकी आणि तरुण डॉक्टरांची तुकडी घेऊन आले. दही थांबवायच्या मंजुरीचं कागदपत्र कुठं अडकलंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि रेवतीनं विचारलं नाही.

पहिला दिवस कोरडा गेला. खिडकीशी येणारे लोक आक्काची चेष्टा करू लागले. "काय ओ सुगंधावैनी, फुकटचा इसावा बरा घावला." आक्काही हसली. रेवतीच्या मनात एक चोरटी आशा उगवली, की आपलं सगळं गणितच चुकलं असावं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःचा शोध खोटा ठरावा असं मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काला पहिला जुलाब झाला. मग थांबणं नव्हतं. तांदळाच्या पेजेसारखं पाणी जात राहिलं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तशी ती दात आवळून खाटेची कड धरू लागली. बांगड्या मनगटावरून ढळून कोपराकडं जायला लागल्या. रेवती एका हातानं सलाईनचा वेग वाढवत होती, दुसऱ्या हातानं तिच्या पोटऱ्या चोळत होती. साखरेमुळं पाणी किती द्यायचं याचा मेळ बसत नव्हता. थोडं कमी झालं तर मूत्रपिंड जाणार, थोडं जास्त झालं तर छाती भरणार. संध्याकाळी आक्काची नाडी बोटाखाली सापडेना तेव्हा रेवतीची सुई पुन्हा पुन्हा शिरेबाहेर जायला लागली. सोहनींनी तिला हळूच बाजूला केलं आणि दुसऱ्या डॉक्टरनं शीर शोधली.

खिडक्या उघड्याच होत्या. बाहेर बायका उभ्या होत्या. कुणी चेष्टा करत नव्हतं. जे बाहेर पडत होतं ते त्या बघत होत्या, आणि बघता बघता एकेकीचा हात आपल्या पोटावर जात होता.

आक्का वाचली. उजाडता उजाडता तिला लघवी झाली. जगात कुठल्या बहिणीला एवढ्या गोष्टीनं इतका आनंद झाला नसेल. रेवती भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडली.

डोळे पुसून ती दाराशी गेली. शाळेच्या पटांगणात माणसं उभी होती. सगळ्यांत पुढं मास्तरांची बायको, काखेत वाकळ, हातात तांब्या. तिच्यामागं बायका, त्यांच्यामागं गडीमाणसं, सरपंचही. सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते, पण सगळी आपल्या पायांवर ताठ उभी होती. आजारी पडायला आलेली इतकी निरोगी माणसं रेवतीनं कधी पाहिली नव्हती.

"नातीला रातीच जिल्ह्याला धाडली," मास्तरांची बायको म्हणाली. "दही काल सांजपासनं सोडलंय समद्यांनी. आमास्नी कुठं निजायचं ते सांगा."

"जिवाला धोका आहे, हे मी सांगितलंय तुम्हाला," रेवती म्हणाली.

"सांगितलंय की. म्हणून तर वाकळ घिऊन आलोय. माजी धाकटी लोणसरातच हाय, बाई."

रेवती आत वळली. आक्कानं डोळे उघडले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"आल्या?" तिनं पुटपुटत विचारलं.

"आल्या. सगळं गाव आलंय, आक्का."

आक्कानं थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती, पण ती परक्या माणसाकडं बघायची नजरही नव्हती.

"तूबी खातीस न्हवं ते दही?"

"खाते. रोज खाते."

"मग?"

"माझं सगळ्यांत शेवटी, आक्का. मी पडले तर यांच्याकडं बघायचं कुणी?"

"ते चष्मेवालं सायेब हायत. त्यांची पोरं हायत." आक्कानं क्षीण हातानं दाराकडं दाखवलं. "ज्यानं इरजण लावलं, त्यानं मागं ऱ्हायचं नसतं, रेवा."

रेवतीनं सोहनींकडं पाहिलं. त्यांनी तिच्या हातातली रुग्णांची पाटी घेतली. तिनं पांढरा कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाहेर पटांगणात गेली आणि मास्तरांच्या बायकोच्या मागं रांगेत उभी राहिली.